सशांपासून मळा राखण्याचा इतिहास

ससा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक पांढराशुभ्र, गुबगुबीत आणि अतिशय गरीब प्राणी उभा राहतो. पंचतंत्रात त्याने सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावली आणि दुसऱ्या एका गोष्टीत कासवाशी शर्यत लावून तो हरला, एवढाच त्याचा पराक्रम आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो. परंतु या गरीब प्राण्यापायी एका बेटावरच्या लोकांना रोमच्या सम्राटाकडे सैन्य मागावे लागले, एका सरकारला पंचवीस हजार पौंडांचे बक्षीस जाहीर करावे लागले आणि दुसऱ्या सरकारला अठराशे किलोमीटरांहून लांब कुंपण घालावे लागले, असे सांगितले तर ते पुष्कळांना खरे वाटणार नाही. वस्तुतः हे सारे घडलेले आहे. खेड्यातल्या घरामागचा भाजीचा वाफा सशांपासून कसा राखावा, या साध्या प्रश्नाला सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात कायदा, विज्ञान, दया व क्रौर्य या सर्वांचा भाग आहे.

आपल्या मंडळाच्या कित्येक भगिनी घरामागे चार वाफे राखून आहेत. कोणाची मेथी शेळी खाते, कोणाच्या वांग्यांवर माकडे तुटून पडतात, कोणाची रताळी घुशी उकरून नेतात. शत्रू निराळा असला तरी दुःख एकच. म्हणून हा इतिहास परदेशचा असला तरी आपल्याला अगदीच परका वाटू नये.

दोन प्रकारचे ससे

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपण मराठीत ज्या दोन निरनिराळ्या प्राण्यांना ससा हे एकच नाव देतो, त्यांना इंग्रजीत दोन वेगळी नावे आहेत. आपल्या माळरानावर, हरभऱ्याच्या शेताच्या कडेला एकदम पायांतून उठून पळतो तो रानससा. तो बीळ करीत नाही. गवतात अंगापुरती खोलगट जागा करून तीत तो दबून बसतो. त्याची पिले जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. एकटा राहणारा हा प्राणी शेताचे फार नुकसान करीत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे त्याच्या शिकारीस मनाई आहे.

दुसरा ससा बिळात राहणारा. आपल्याकडे पिंजऱ्यात पाळतात ते सर्व पांढरे, काळे, करडे ससे याच जातीचे होत. हा मूळचा स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्सचा नैर्ऋत्य भाग येथला. तो जमिनीखाली बिळांचे जाळे खणून कळपाने राहतो. त्याची पिले उघडी आणि आंधळी जन्मतात, पण मादीला दिवस जातात ते अवघा एक महिना. एका वेतात पाच-सहा पिले, वर्षातून कित्येक वेते, आणि चार-पाच महिन्यांत लेकीही आई होण्याजोग्या. असा हा वंशविस्तार आहे. या लेखात पुढे ससा म्हणजे हा बिळातला ससा समजावा.

सम्राटाकडे सैन्याची मागणी

स्पेनच्या पूर्वेस भूमध्य समुद्रात बॅलेआरिक नावाची बेटे आहेत. तेथे बाहेरून आणलेले ससे इतके वाढले की पिके राहिनात, झाडांची मुळे कुरतडली जाऊन झाडे कोसळू लागली. स्ट्रॅबो हा प्राचीन भूगोलकार लिहितो, की तेथील रहिवाशांनी रोमला शिष्टमंडळ पाठवून दुसरीकडे जमीन मागितली. प्लिनी हा रोमन लेखक सांगतो, की त्यांनी सम्राट ऑगस्टसकडे सशांविरुद्ध सैन्याची मदत मागितली. हा काळ साधारणपणे दोन हजार वर्षांपूर्वीचा.

त्या वेळचा उपायही स्ट्रॅबोने नोंदला आहे. आफ्रिकेतून आणलेले मुंगसासारखे लांबट अंगाचे प्राणी बिळांत सोडत. ते सशांना बाहेर हुसकत आणि बाहेर टपलेली माणसे त्यांना धरीत. फेरेट नावाचा असाच एक पाळीव प्राणी युरोपातले शेतकरी पुढे शतकानुशतके याच कामासाठी वापरीत आले. एखादे साधन दोन हजार वर्षे टिकून राहावे, यावरून त्या प्रश्नाचा चिवटपणा ध्यानात येतो.

कुंपण होते ते सशांसाठी

आता इंग्लंडकडे वळू. खेड्यातले घर, त्यापुढे फुलझाडे, मागे भाजीचा मळा, हे इंग्लंडचे चित्र जगभर प्रसिद्ध आहे, आणि त्या मळ्याचा वैरी म्हणून ससाही तितकाच प्रसिद्ध आहे. परंतु गंमत अशी, की हा वैरी तेथला मूळचा नव्हे. फिशबर्न येथील रोमन प्रासादाच्या उत्खननात सशाचे एक हाड मिळाले असून ते इसवी सनाच्या पहिल्या शतकातले आहे, असे २०१९ मध्ये जाहीर झाले. मात्र तो एखादा पाळीव ससा असावा. इंग्लंडात सशांची खरी वस्ती झाली ती नॉर्मन राजवटीनंतर, बाराव्या-तेराव्या शतकांत.

सरदारांनी आणि मठाधिपतींनी ते मांसासाठी व मऊ कातड्यासाठी मुद्दाम आणविले. थंड, ओलसर हवेत या दक्षिणेकडील प्राण्याला नीट बिळेही खणता येईनात. म्हणून माणसांनी त्यांच्यासाठी मऊ मातीचे, उशीच्या आकाराचे लांबट उंचवटे रचून दिले. हिवाळ्यात त्यांना चारा घातला. या राखीव माळाला वॉरन म्हणत. त्याभोवती बांध आणि चर असत, आणि त्यांवर खास राखणदार नेमलेला असे. नॉरफक परगण्यात थेटफर्ड येथे सुमारे १४०० साली तेथल्या मठाधिपतीने राखणदारासाठी बांधविलेला दगडी बुरूज आजही उभा आहे. जाड भिंती आणि लहान खिडक्या असलेला हा बुरूज कोणा शत्रुसैन्यासाठी नव्हता, ससे चोरणाऱ्या भुकेल्या लोकांसाठी होता. त्या काळी ससा कोंबडीपेक्षा महाग होता आणि गरिबाच्या ताटात तो सरळ मार्गाने कधी येत नसे.

म्हणजे सुरुवातीला कुंपण होते ते माणसांपासून सशांना राखण्यासाठी. सशांपासून माणसाचा मळा राखण्याची पाळी पुढे आली.

कुंपणच शेत खाते

ससे बांध ओलांडून हळूहळू बाहेर पडतच होते. अठराव्या शतकात इंग्लंडची शेती बदलली. हिवाळ्यातही शेतात सलगम आणि हिरवा चारा उभा राहू लागला, त्यामुळे थंडीत ससे उपाशी मरेनासे झाले. त्याच सुमारास जमीनदारांचा शिकारीचा शोक वाढला. शिकारीच्या पाखरांना त्रास होऊ नये म्हणून त्यांचे राखणदार कोल्हे, मुंगसासारखे प्राणी आणि शिकारी पक्षी वेचून मारू लागले. सशांचे नैसर्गिक शत्रूच नाहीसे झाले. मग ससे गावोगाव पसरले यात नवल ते काय?

पण खरा जाच होता तो कायद्याचा. १७२३ साली इंग्लंडात एक अत्यंत कडक कायदा झाला. तोंडाला काळे फासून वा वेश पालटून, शस्त्र घेऊन सशांच्या राखीव माळात चोरी करणाऱ्यास त्यात फाशीची शिक्षा सांगितली होती. तो बहुतांशी रद्द झाला १८२३ साली, म्हणजे शंभर वर्षांनी. त्यानंतरही कुळाची स्थिती दयनीयच होती. जमीन खंडाने घेताना शिकारीचा हक्क जमीनदार आपल्याकडेच राखून ठेवी. कुळाने नांगरावे, पेरावे, खंड भरावा, आणि डोळ्यांदेखत जमीनदाराचे ससे आपले पीक खाताना पाहावे. त्यांना मारले तर गुन्हा. मारले नाही तर पोराबाळांच्या तोंडचा घास गेला. रक्षणासाठी केलेला कायदाच असा उलटला, तेव्हा त्यास आपली कुंपणच शेत खाते ही म्हण जितकी लागू पडते तितकी क्वचितच कुठे पडत असेल.

शेतकऱ्यांच्या दीर्घ तक्रारींनंतर १८८० साली ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळाच्या काळात नवा कायदा झाला. जमीन कसणाऱ्यास आपल्या शेतातील ससे मारण्याचा हक्क आहे, आणि कोणताही करार करून तो त्याच्याकडून काढून घेता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरविले. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण आपल्या वाफ्यातली कोबी राखण्याचा अधिकार मिळविण्यासाठी माणसांना इतकी वर्षे वाट पाहावी लागली, हे विसरता येत नाही.

मागावरून निघालेली जाळी

श्रीमंतांच्या भाजीच्या मळ्यांना विटांच्या उंच भिंती असत. त्या भिंतींच्या आत फळझाडे, पालेभाज्या, सॅलडची पाने सुखाने वाढत. गरिबाच्या मळ्याला मात्र काटेरी झुडपांची कूड. तिच्या बुंध्याशी जरा फट राहिली की ससा आत आलाच. मग रोपांवर काजळी व चुना भुरभुरणे, डांबर लावलेली सुतळी ताणून बांधणे, कुत्रा पाळणे, असे घरगुती उपाय चालत. पावसाची एक सर आली की काजळी वाहून जाई आणि दुसऱ्या सकाळी मटाराचे कोवळे शेंडे नाहीसे झालेले दिसत. सशाने खाल्लेले रोप ओळखू येते. सुरीने तिरके कापावे तशी देठाची कापणी स्वच्छ असते. हिवाळ्यात बर्फ पडून पाला मिळेनासा झाला म्हणजे तो कोवळ्या झाडांची साल सोलून खातो. खोडाची साल सर्व बाजूंनी गेली की झाड वाळते आणि कित्येक वर्षांची मेहनत एका रात्रीत वाया जाते.

या अडचणीतून वाट निघाली ती एका अनपेक्षित ठिकाणाहून. नॉरिच हे इंग्लंडातील विणकरांचे जुने शहर. तेथे चार्ल्स बर्नार्ड नावाच्या लोखंडी सामानाच्या कारखानदाराने १८४४ साली कापडाच्या मागावरून कल्पना घेऊन तारेची जाळी विणण्याचे यंत्र तयार केले. सुताऐवजी तार, आणि उभ्या-आडव्या विणीऐवजी पीळ देऊन केलेली षट्कोनी घरे. आज आपण कोंबड्यांच्या खुराड्यास जी जाळी लावतो, तीच ही. या जाळीमुळे विटांची भिंत परवडत नाही अशा माणसालाही आपला मळा राखता येऊ लागला.

नुसती जाळी उभी करून मात्र भागत नाही, हे माळ्यांनी अनुभवाने शिकून घेतले. जाळीचे घर सव्वा इंचाहून मोठे असता कामा नये, नाहीतर पिलू आरपार जाते. उंची तीन फूट तरी हवी, चार असल्यास उत्तम. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जाळीचा खालचा सहा इंच भाग काटकोनात बाहेरच्या बाजूस, म्हणजे ससा येतो त्या बाजूस, वळवून मातीखाली पुरायचा. यातले इंगित असे, की ससा कुंपणाला नाक लावून अगदी पायथ्याशी उकरू लागतो. उकरताच खाली जाळी लागते. चार पावले मागे जाऊन तेथून भुयार खणावे हे त्याला सुचत नाही. शत्रूच्या स्वभावाचे असे बारीक निरीक्षण करून शोधलेली ही युक्ती आजही इंग्लंडातील बागकामाच्या संस्था जशीच्या तशी सांगतात.

कुंपणाची सर्वांत कच्ची जागा म्हणजे फाटक. हे इंग्रज मुलांना एका गोष्टीनेच शिकविले आहे. बिऑट्रिक्स पॉटर या लेखिकेने १८९३ साली आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला धीर देण्यासाठी एका खोडकर सशाची चित्रमय गोष्ट पत्रातून लिहून पाठविली. पुढे १९०१ साली तिने ती स्वखर्चाने छापली आणि १९०२ साली ती प्रकाशकाने काढली. पीटर रॅबिट नावाने ती जगभर गेली. त्या गोष्टीतला पीटर मॅकग्रेगर माळ्याच्या मळ्यात शिरतो तो फाटकाखालून अंग चोरून. वाचणारे मूल सशाच्या बाजूचे असते. पण मॅकग्रेगरच्या जागी स्वतःला ठेवून पाहणाऱ्या गृहिणीला त्याचा रागही समजतो. पॉटरबाई पुढे स्वतः शेतकरी झाल्या, उत्तम मेंढ्या पाळल्या आणि १९४३ साली मृत्यूसमयी सुमारे चार हजार एकर जमीन राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या संस्थेस देऊन गेल्या. सशावर माया आणि जमिनीवर निष्ठा एकाच मनात नांदू शकतात, याचा हा पुरावा होय.

हौसेचे चोवीस ससे

इंग्रज माणूस परदेशी गेला तरी आपली बाग व आपली शिकार बरोबर घेऊन गेला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतातील विंचेल्सी गावाजवळ बार्वन पार्क नावाची टॉमस ऑस्टिन या धनिकाची जहागीर होती. १८५९ च्या नाताळात इंग्लंडहून त्याच्यासाठी चोवीस ससे जहाजाने आले. मायदेशासारखी शिकार करता यावी, एवढाच हेतू. त्याआधीही, अगदी १७८८ च्या पहिल्या ताफ्यापासून, ऑस्ट्रेलियात ससे आणले गेले होते, पण ते बहुतेक पाळीव होते आणि फारसे पसरले नाहीत. ऑस्टिनचे ससे रानटी रक्ताचे होते. खंडभर पसरलेली प्रजा मुख्यतः याच सशांची, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखवून दिले. आठ वर्षांच्या आत ऑस्टिनच्या एकट्या जहागिरीत एका मोसमात चौदा हजारांवर ससे मारले गेले, तरी काही उपयोग झाला नाही.

ऑस्टिन १८७१ साली वारला. त्याची पत्नी एलिझाबेथ हिने पुढे सहा हजार पौंड देऊन असाध्य रोग्यांसाठी रुग्णालय उभारण्यास चालना दिली. ते मेलबर्न येथे १८८२ साली सुरू झाले आणि ऑस्टिन याच नावाने आजही चालू आहे. नवऱ्याच्या हौसेने शेतकऱ्यांच्या पिढ्या रडल्या आणि बायकोच्या दानाने पिढ्यांचे अश्रू पुसले गेले. एकाच आडनावाच्या या दोन आठवणी त्या देशात शेजारी शेजारी उभ्या आहेत.

गवत संपले, मेंढ्या उपाशी मरू लागल्या, माती उघडी पडून वाऱ्याबरोबर उडू लागली. १८८७ साली न्यू साउथ वेल्स सरकारने सशांचा नायनाट करणाऱ्यास पंचवीस हजार पौंडांचे बक्षीस लावले. पॅरिसहून थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू वापरण्याची सूचना केली आणि १८८८ साली आपल्या पत्नीचा भाचा आद्रियँ लुआर यास सिडनीला पाठविले. रॉड नावाच्या लहानशा बेटावर प्रयोग झाले. जंतू खाल्लेले ससे मेले, पण रोग एका सशापासून दुसऱ्यास पुरेसा लागेना. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

खंडाचे कुंपण

मग पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारने ठरविले, की माळ्याचाच उपाय साऱ्या प्रांतासाठी करायचा. १९०१ साली काम सुरू झाले. दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत १,८३३ किलोमीटर लांबीचे जाळीचे कुंपण रखरखीत वाळवंटातून घालण्यात आले. सामान बैलांनी, घोड्यांनी आणि उंटांनी वाहून नेले. पण कुंपण पुरे होण्यापूर्वीच, १९०२ साली, त्याच्या पश्चिमेस ससे सापडले. म्हणून दुसरे कुंपण, मग तिसरे. १९०७ साली तिन्ही मिळून लांबी ३,२५६ किलोमीटर भरली. गस्तीवाले उंटावरून, घोड्यावरून त्यालगत फिरत. तथापि वाळूची वावटळ जाळी बुजवी, पुराने खांब वाहून जात, कोणी फाटक उघडे टाकून जाई. एवढ्या लांबीवर एकाच वेळी सगळीकडे डोळा ठेवणे माणसाला अशक्य होते. ससे पलीकडे गेलेच.

या कुंपणाने सशांना अडविले नाही, पण तीन मुलींना वाट दाखविली, ती हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. त्या काळी ऑस्ट्रेलियातील सरकार मूळ रहिवासी स्त्रियांच्या मिश्र रक्ताच्या मुलांना आयांपासून तोडून वसतिगृहांत ठेवीत असे. १९३१ साली मॉली, ग्रेसी आणि डेझी या तीन लहान मुली मूर रिव्हर येथील वसाहतीतून पळाल्या. आपले गाव जिगलाँग हे सशांच्या कुंपणालगत आहे एवढे त्यांना माहीत होते. त्या कुंपणाच्या कडेने सुमारे १,६०० किलोमीटर पायी चालल्या. ग्रेसी वाटेत पकडली गेली. मॉली आणि धाकटी डेझी घरी पोहोचल्या. मॉलीची मुलगी डोरिस पिल्किंग्टन हिने ही कथा १९९६ साली पुस्तकरूपाने सांगितली आणि २००२ साली तिच्यावर चित्रपट निघाला. माणसाने एका हेतूने उभारलेली वस्तू दुसऱ्याच कोणाला उपयोगी पडते, ती अशी.

रोगाचे अस्त्र

सशांविरुद्धचा पुढचा उपाय भयंकर होता. दक्षिण अमेरिकेत सशांना होणारा मिक्सोमॅटोसिस नावाचा एक विषाणुजन्य रोग १८९६ सालापासून शास्त्रज्ञांना ठाऊक होता. डास व पिसवा तो पसरवितात. ऑस्ट्रेलियात त्याचा पाठपुरावा ज्यांनी चिकाटीने केला त्यांत मेलबर्नच्या जीन मॅकनमारा या डॉक्टर बाई अग्रभागी होत्या. त्यांचे मूळ काम पोलिओ झालेल्या मुलांचे. परदेशात असताना त्यांना या रोगाची माहिती मिळाली आणि १९३० नंतर त्या सरकारच्या मागे लागल्या. सुरुवातीचे प्रयोग फसले, पण बाईंनी विषय सोडला नाही. अखेर १९५० साली मरे नदीच्या खोऱ्यात रोग सोडण्यात आला. पावसाने डास माजले होते. दोन वर्षांत कोट्यवधी ससे मेले. त्याच सुमारास त्या भागात माणसांत मेंदूज्वराची साथ आली आणि लोक घाबरले. तेव्हा मॅकफार्लेन बर्नेट, फ्रँक फेनर आणि इयन क्लुनीस रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी सशांचा विषाणू स्वतःला टोचून घेतला आणि माणसास तो बाधत नाही हे सिद्ध केले.

१९५२ साली फ्रान्समध्ये याच रोगाची एक खाजगी पुनरावृत्ती झाली. डॉ. आर्मां-दलील या वृद्ध वैद्याची पॅरिसच्या पश्चिमेस मायबुआ येथे भिंतीने वेढलेली जहागीर होती. आतल्या सशांचा उपद्रव मोडण्यासाठी त्यांनी दोन सशांना रोग टोचून सोडले. भिंत आहे, बाहेर काही जाणार नाही, असा त्यांचा भरवसा. पण रोग भिंतीबाहेर गेला, तो देशभर पसरला आणि पाळलेले ससेही मेले. त्यांना न्यायालयाने दंड केला. पुढे पदकही मिळाले. एकाच कृत्यासाठी दंड आणि पदक, यावरून लोकांची मने किती दुभंगली होती ते दिसते.

१९५३ च्या शरद ऋतूत रोग इंग्लंडच्या केंट परगण्यात पोहोचला. थोड्याच वर्षांत ब्रिटनमधील शंभरातले नव्व्याण्णव ससे मेले असे मानतात. मळे हिरवे झाले, पण सुजलेल्या डोळ्यांनी रस्त्यावर आंधळेपणाने धडपडणारे ससे पाहून ज्यांची पिके वाचली त्यांनाही ते पाहवेना. १९५४ च्या कायद्याने मुद्दाम रोगी ससे सोडणे हा गुन्हा ठरविण्यात आला. त्याच कायद्याने आपल्या जमिनीवरील सशांचा बंदोबस्त करणे हे जमीनवाल्याचे कर्तव्य ठरले, आणि पाय पकडणारे दातेरी लोखंडी सापळे १९५८ पासून बंद झाले.

ससे गेल्याने आणखी एक गोष्ट घडली. त्यांनी कुरतडून आखूड ठेवलेले टेकड्यांवरचे गवत उंच वाढले. त्या आखूड गवतातील उबदार जमिनीत राहणारी एक जातीची मुंगी नाहीशी होऊ लागली. तिच्या वारुळात वाढणारे मोठे निळे फुलपाखरू १९७९ साली ब्रिटनमधून लुप्त झाले. पुढे ते बाहेरून आणून पुन्हा वसवावे लागले. सशांच्या मूळ भूमीत, स्पेनमध्ये, तर रोगांनी ससे कमी झाल्यामुळे त्यांवर जगणारे लिंक्स हे रानमांजर उपासमारीस लागले. नको असलेल्या प्राण्यावरही कितीजणांचे संसार अवलंबून असतात, हे तो गेल्यावर कळते.

रोगाचे अस्त्रही शेवटपर्यंत पुरले नाही. वाचलेल्या सशांची संतती अधिक चिवट निघाली, विषाणूही सौम्य झाला आणि ससे परत वाढले. १९९५ साली ऑस्ट्रेलियात दुसऱ्या एका विषाणूचे प्रयोग एका बेटावर चालू असता तो तेथून निसटला. तोही काही काळ प्रभावी ठरला. ससे मात्र संपले नाहीत.

या इतिहासातून काय घ्यावे

सैन्य, फाशी, बक्षीस, विष, रोग इतके सगळे उपाय होऊन गेल्यावर इंग्लंडच्या खेड्यातील माळी आज काय करतो? तो सव्वा इंची किंवा त्याहून बारीक घरांची जाळी आणतो, तिचा तळ बाहेर वळवून पुरतो आणि रोज सकाळी मळ्याभोवती एक फेरी मारतो. खंडाचे कुंपण हरले आणि परसाचे कुंपण जिंकले, याचे कारण तारेत नाही. तार दोन्हीकडे सारखीच. फरक त्या सकाळच्या फेरीत आहे. ऑस्ट्रेलियातच क्वीन्सलँड प्रांतात साडेपाचशे किलोमीटरांचे सशांचे एक कुंपण १८९३ पासून स्थानिक मंडळाने राखले आणि एकविसाव्या शतकातही ते उपयोगी ठरले. तेथे प्रत्येक टापूला नेमलेला माणूस आहे, तो नेमाने फिरतो, भोक दिसले की बुजवितो. जेवढ्यावर नजर पोहोचते, तेवढेच राखले जाते.

आणखी असे, की चांगले कुंपण कोणाला मारीत नाही. ते फक्त येथपर्यंत तुझे, येथून माझे, असे सांगते. ससा पलीकडे गवत खात राहतो, आणि अलीकडे मुलांच्या ताटातली भाजी वाढत राहते. इतिहासात जेव्हा जेव्हा माणसाने या मर्यादेवर समाधान न मानता साऱ्या देशातून सशांचे निर्मूलन करू पाहिले, तेव्हा तेव्हा त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी भरली. आणि जेव्हा केवळ हौसेखातर परका जीव आणून सोडला, तेव्हा ती किंमत पिढ्यांनी भरली.

आपल्या परसात ससे येत नाहीत, हे आपले भाग्य. पण हौसेने आणलेली घाणेरी आपल्या रानांत कशी माजली हे आपण पाहतोच. तेव्हा बागेत नवे रोप किंवा घरात नवा प्राणी आणताना तो कुंपणाबाहेर गेला तर काय होईल याचा विचार आधी करावा, आणि आहे त्या वाफ्याभोवती रोज सकाळी एक फेरी मारावी. कूड कुठे मोडली आहे, फाटकाखाली फट पडली आहे का, हे त्या फेरीतच दिसते, आणि मूठभर माती व दोन काटक्या एवढ्यावर काम भागते तेही त्याच वेळी.